आधी दांडी बघ

मिरज,
मंगळवार रात्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास, त्यावर काही लिहायचं नाही असं ठरवलंय. आई म्हणाली, फोनवर तुम्ही दोघं एकमेकांचं ऐकून घेत नाही, त्यापेक्षा लिहून काढा एकदाचं. म्हणून बसलोय. आणि कानांचा विषय या पत्रात नाही, शब्द देतो. फक्त तू घ्यायचा म्हणतेस तो जुना बास, म्हणजे बास गिटार.

तू पाठवलेले फोटो बंड्याकडे जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघितले. जपानी फेंडर, मॉडेल जॅझ बास, सनबर्स्ट रंग, मालक सांगतोय १९९० च्या आसपासचा, मागतोय एक लाख दहा. देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण झाडून सगळे फोटो समोरून काढलेत. दांडी बाजूने दिसेल असा एकही नाही. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळून नाहीत. नेक, म्हणजे दांडीच, बॉडीत जिथे बसते ती खाच कुठेच नाही. विकणारा जे दाखवत नाही ते आपण मागून घ्यायचं. तंबोऱ्याचं काम करणाऱ्या मामांच्या हातात कुठलाही तंबोरा आला की ते आधी दांडी डोळ्यासमोर धरायचे, बंदुकीचा नेम धरावा तशी. भोपळा नंतर, आणि नक्षीकाम गिऱ्हाईक गेल्यावर. तू लहानपणी त्यांची नक्कल करायचीस, लाटणं घेऊन. तेच कर. बास हातात आला की बॉडीच्या बाजूने हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, बघ. दोन्ही कडा सारख्या जाताहेत का? एक कड वर आणि एक खाली जात असेल तर नेक पिळलेली आहे. मग चहा पिऊन परत यायचं, भाव करायचाच नाही.

नुसती वाकलेली असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. चार तारांचा मिळून ७०-८० किलोचा ओढा असतो, लाकूड वाकणारच, त्यासाठीच आत ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, घातलेला असतो. तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाब, दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघ. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी हवी. जास्त असेल तर मालकाला म्हणावं, रॉड पाव फेरा आवळून दाखवा. आवळला आणि फट कमी झाली तर उत्तम. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर मात्र पुढे हातात काही उरत नाही. यात एक गोम आहे. जुन्या धाटणीच्या जपानी बासमध्ये रॉडचा नट बऱ्याचदा नेकच्या बुडाशी असतो, तो फिरवायला नेक सैल करावी लागते. मालक त्याला तयार नसेल तर त्याला खोटारडा समजू नकोस, मीही कुणा अनोळखी पोरीला माझी नेक काढू दिली नसती. पण मग तेवढी जोखीम किमतीतून वळती करून घे.

जपानी नावाला बिचकू नकोस. फेंडर ही मूळ अमेरिकन कंपनी, तिच्या बासच्या तिकडच्या स्वस्त नकला इतक्या सरस निघायला लागल्या की १९८२ साली फेंडरनेच जपानमध्ये काम सुरू केलं. त्यातले बरेच बास आजही अमेरिकन बासच्या शेजारी बसून वाजतात. मात्र सिरियल नंबरावरून साल छातीठोक सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नकोस. नेक चार स्क्रूंवर उभी असते. नंबर नेकवर असेल तर तो नेकचं वय सांगतो, बॉडी कुठून आली ते सांगत नाही. स्क्रूंची भोकं, खाचेतली फट, रंगाचा जुनेपणा दोन्हीकडे सारखा आहे का, हे बघणं जास्त उपयोगाचं.

जॅझ बास तुला मानवेल हे मात्र खरं. तुझे हात आईवर गेलेत. फेंडरच्याच १९५१ सालच्या प्रिसिजनची नेक नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, रुंद, आणि १९६० साली आलेल्या जॅझची जेमतेम ३८ मिलिमीटर. माझ्याकडे जो कलकत्त्याचा बास होता त्याची नेक म्हणजे सरळ पाटाच होता. पहिला बास म्हणून तोच मिळाला, कारण बाजारात दुसरा नव्हता. बाहेरचा बास कुणी खलाशी घेऊन आला तर मुंबईला धोबीतलावच्या बाजूला कळायचं, आणि ती बातमी मिरजेला पोचेपर्यंत तो विकला गेलेला असायचा. तारांचा नवा सेट मिळायचा नाही म्हणून आम्ही जुन्या तारा पातेल्यात उकळून पुन्हा चढवायचो. तुझी आजी त्या पातेल्याला कधी हात लावायची नाही.

गणपतीच्या दिवसांत सुपाऱ्याच सुपाऱ्या. जयसिंगपूर, निपाणी, इचलकरंजी. मॅटॅडोरमध्ये मागे ड्रम आणि ड्रमवर झोपलेला आमचा ड्रमवाला शशी. स्टेजवर बासवाला ड्रमच्या हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजेच्या, अंगाला उभा राहतो, किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, ऐकू यावी आणि शशीचा पाय दिसावा म्हणून. म्हणजे ड्रम कायम माझ्या उजव्या हाताला. रात्री दहापासून वन्स मोअर संपेपर्यंत ती झांज उजव्या कानापासून हातभर अंतरावर.

बघ, आलोच तिथे. शब्द मागे घेतो.

तू मला विचारलंस, बाबा, तू बंगलोरला येऊन एकदा बास बघून का जात नाहीस, राणी चन्नम्माने एका रात्रीत पोचशील. मी म्हटलं जमणार नाही, आणि लगेच इअरप्लग घेतलेस का विचारलं. तिथूनच बिघडलं. तर जमणार नाही याचं कारण असं आहे. सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख काढला, त्यात ४००० हर्ट्झला उजवी रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली येते. बासची सगळ्यात खालची ई तार म्हणजे ४१ हर्ट्झ, तिथे मी अजून ठणठणीत आहे. पण फ्रेटची बारीक खरखर, तार सुटतानाचा बोटाचा आवाज, पॉटची, म्हणजे आवाजाच्या बटणाची, कुरकुर, ज्यावरून जुना बास पारखायचा ते सगळं नेमकं वर असतं. आई 'साखर' म्हणते, मला 'आखर' येतं. मी तिथे येऊन तुझ्या शेजारी बसेन, बास छान आहे म्हणेन, आणि त्याची खरखर तुझ्या गळ्यात पडेल. म्हणून नाही म्हटलं. तुला फोनवर सांगायला हवं होतं, पण हॉलमध्ये आत्या बसली होती.

तेव्हा ऐकायचं काम तुझं. दिवसाउजेडी जा, तुझा मित्र बरोबर ने, केबल स्वतःची ने, ट्यूनर स्वतःचा ने. मालकाच्या अँपवर सगळे इफेक्ट बंद करायला सांग. पण त्याआधी बास अँपला जोडूच नकोस. बासच्या वरच्या शिंगाला, म्हणजे बॉडीच्या पुढे आलेल्या वरच्या टोकाला, कान टेक आणि एकेक तार सोड. लाकडाचा सगळा कारभार तिथे ऐकू येतो. नंतर चारही तारांवर पहिल्या फ्रेटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजव, घाई करू नकोस, मालक जांभया देईना का. कुठे झणझण आली तर फ्रेट झिजलेत किंवा एखादा वर आलाय. थोडीशी झीज असेल तर फ्रेट घासून सारखे करता येतात, पण पहिल्या पाच फ्रेटांवर तारेखाली खड्डे पडले असतील तर नवे बसवावे लागतील आणि तो खर्च हलका नाही. जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर लगेच मरतो का ते खास बघ. या जातीच्या नेकांत तो दोष बहुतेक सगळीकडे थोडा असतोच, किती आहे तेवढंच बघायचं. तो कुठल्याही सेटअपने जात नाही. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट लावून काढलेला सूर, आणि दाबलेला सूर जुळवून बघ. फरक असला तरी तार टेकते ती सॅडल मागेपुढे करून तो बहुधा जातो.

आता जोड. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना गुणगुण कमी, आणि एक खाली घेतला की वाढते, तर तो बिघाड नाही, जॅझ बासच्या पिकअपचा, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकांचा, स्वभाव आहे. पॉट फिरवताना खरखरलं तर स्प्रेने सुटतं. जॅक सैल असेल तर शंभर-दोनशेचं काम. या गोष्टी तुला माहीत असल्या तरी चेहरा गंभीर ठेव, भाव करताना कामाला येतील. मामा असे छोटे दोष मोठ्या आवाजात मोजायचे आणि मोठा दोष दिसला की काही न बोलता उठायचे.

खरखरीवरून आठवलं. तंबोऱ्याची जवारी काढताना मामा घोडीवर तासन्‌तास कानस फिरवायचे, तारेखाली दोरा सरकवायचे, आणि तार घोडीला जेमतेम घासून जाईल अशी ठेवायचे. तीच घासण ते पैसे घेऊन विकायचे, आणि तीच बासवर आली की आपण पैसे कापून मागतो. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला, बास पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, मामा, या गोऱ्यांनी जवारी काढलीय. ते म्हणाले, काढली नाही, चुकून निघाली. आता मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सगळे हार घालत होते, मामा असते तर म्हणाले असते, त्या कागदाची दांडी सरळ आहे का बघा.

मालकाला बिल विचार. नसेल तर साध्या कागदावर नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घे. याला शंकेखोरपणा म्हणू नकोस. नामवंत बासवादक जॅको पास्टोरियसचा बास १९८६ साली न्यूयॉर्कच्या बागेतून चोरीला गेला, तो वीसेक वर्षांनी कुणाच्या तरी दुकानात निघाला. मधल्या वर्षांत तो घेणाऱ्यानेही चांगला बास मिळाला म्हणून पेढे वाटले असतील. आणि बास हातात येईपर्यंत एक रुपयाही आधी पाठवायचा नाही, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणाला तरी.

नवा घे असं मी रविवारी म्हणालो ते तुला लागलं. तुझी लायकी काढायची नव्हती. पंचवीस ते चाळीस हजारांत यामाहा, आयबनेझ, कॉर्ट असे येतात की आमच्या वेळी कुणी दाखवला असता तर आम्ही जमिनीवर बसलो असतो. मशीनवर कापलेली नेक, वॉरंटी, वजन बेताचं. वजनाचं बघच. चार किलोच्या फार वर गेला तर तासाभरात खांदा बोलतो. पण नवा बास दुकानाच्या बाहेर पडला की भाव उतरतो, आणि चांगला जुना योग्य भावात घेतला तर दोन वर्षांनी तेवढ्यालाच जातो, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पैसे तुझे, पगार तुझा. माझ्या मते पंच्याण्णवच्या वर जाऊ नकोस. फ्रेट गेलेले असतील तर ऐंशी. बस, यापुढे मी भावात पडणार नाही.

तुझ्या मैत्रिणीने पाठवलेला कार्यक्रमाचा तो तुकडा मी डावा कान लावून ऐकला. दुसऱ्या कडव्यात तू दोन मात्रा सोडून दिल्यास, काहीच वाजवलं नाहीस. मी खुर्चीवरून उठलो. आम्हाला ते सोडणं कधी जमलं नाही, आम्ही सगळीकडे भरत बसायचो. आईला दोनदा दाखवलं, तिला फक्त तुझे केस दिसले. त्यात ड्रमवाला मुलगा तुझ्या उजव्या हाताला होता आणि तू त्याच्याइतकी जवळ होतीस की तुझी बाही हलत होती. ८५ डेसिबलला आठ तास कान सोसतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला पंधरा मिनिटं. तुमचा कार्यक्रम किती वेळ चालला? मी भांडत नाही, नुसतं विचारतोय. फोमचे बोळे घालू नकोस, त्याने वरचे सूर जातात आणि तू वैतागून काढून टाकशील. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे मिळतात, सगळे सूर सारखेच १५-२० डेसिबल खाली आणणारे. एक लाखाच्या बासपुढे त्यांची किंमत काहीच नाही. बरं, झालं. शब्द मोडला, माहीत आहे. तू माझ्या जागी असतीस तर मोडला असतास.

एवढं कर, बास बघायला जाशील त्या दिवशी वरच्या शिंगाला कान टेकून ऐकलेलं मला सगळं सांग. फोनवर नको, फोनवर मला अर्धं येतं. लिहून पाठव. कुठल्या फ्रेटवर काय झालं ते ओळीने लिही, म्हणजे मी इथे बसून सांगेन घ्यायचा की नाही. दिवाळीला घेऊन येशील तेव्हा हार्ड केस असेल तरच वरच्या बर्थवर ठेव. नुसत्या गिगबॅगमध्ये, म्हणजे कापडी पिशवीत, असेल तर कुशीत घेऊन झोप.

आईचे आशीर्वाद. आत्या विचारत होती, तिला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा,
बाबा

ता. क. फ्रेटबोर्ड शिसवी आहे का मेपलचं ते फोटोत कळत नाही. शिसवी असेल तर फार कोरडं पडलेलं नाही ना बघ, फ्रेटांची टोकं बोटाला टोचतील.