पिंपातली पत्रं

लंडन, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर निम्मंच सांगता आलं, म्हणून हे पत्र. ट्यूडर घराण्याच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या, दरबारातल्या हेरगिरीवरची एक रहस्यकादंबरी लायब्ररीतून आणली आणि तीन रात्रींत संपवली. खुनी कोण ते मला मध्येच कळलं होतं, पण त्यामागच्या खऱ्या इतिहासाने मला झपाटलंय. तुमची सगळी नोकरी पोस्टात गेली, त्यामुळे वाचताना सारखे तुम्हीच डोळ्यांपुढे होता.

साल १५८६. स्कॉटलंडची कॅथलिक राणी मेरी अठरा वर्षं इंग्लंडमध्ये कैदेत. स्टॅफर्डशायरातल्या चार्टलीला तिची गुप्त पत्रं पार बंद झाली होती. मग एक वाट निघाली. बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपाच्या बुचात चामडी पिशवी बसवायची आणि तिच्यात पत्रं. मेरीला वाटलं, पहारा चुकवला. पण ती वाट इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिचा मंत्री वॉल्सिंगहॅम याच्याच माणसांनी आखलेली! बिअरवाला दोन्हीकडून पैसे घ्यायचा, वर बिअरचा भावही वाढवून मागायचा. मेरीवर पहारा ठेवणारा पॉलेट आपल्या पत्रांत त्याला 'प्रामाणिक माणूस' म्हणतो.

पत्रांची सांकेतिक लिपी फोडायचा टॉमस फेलिप्स. १७ जुलैला अँथनी बॅबिंग्टनला लिहिलेल्या पत्रात मेरीने त्याच्या, एलिझाबेथला मारायच्या, कटाला साथ दिली, तेव्हा फेलिप्सने नकलेवर फाशीचा खांब काढला. शिवाय तिच्याच लिपीत खाली मजकूर घुसडला, की एलिझाबेथला मारणार असलेल्या सहा जणांची नावं कळव. सप्टेंबरात बॅबिंग्टनला मारलं, ८ फेब्रुवारी १५८७ला मेरीचा शिरच्छेद झाला.

त्याच जुलैत फेलिप्स चार्टलीला येऊन राहिला होता. मेरी बग्गीतून जाताना त्याच्याकडे बघून हसली. त्याने ते वॉल्सिंगहॅमला कळवलं, सोबत एक लॅटिन ओळ: जो तुला रामराम करतो, त्याला शत्रूसारखं जप. मेरीनेही त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. बुटका, किडकिडीत, पिवळट दाढी, तोंडावर देवीचे व्रण, नजर अधू, वय तिशीचं. आणि तिची पत्रं उघडून वाचणारा तोच! मी इथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले. दुसऱ्याच्या पाकिटाला हात लावायचा नाही, हे तुम्ही आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलंत.

कादंबरीत वॉल्सिंगहॅम निव्वळ राक्षस आहे, ते मला पटलं नाही. १५७२मध्ये पॅरिसला इंग्लंडचा राजदूत असताना त्याने कॅथलिकांनी केलेली प्रोटेस्टंटांची कत्तल डोळ्यांनी पाहिली होती. तसंच आपल्या प्रोटेस्टंट देशात होईल, ही भीती त्याला खरीच होती.

शनिवारी हॅटफिल्ड हाउसला जाऊन आले. एलिझाबेथचं बालपण गेलं तो जुना वाडा तिथेच आहे. दिवाणखान्यातल्या तिच्या एका चित्रात नारिंगी झग्यावर नुसते डोळे आणि कान रंगवलेत. जवळ गेलं की सगळे डोळे उघडे दिसतात. एका बाहीवर साप, रत्नजडित.

एक विचारायचं होतं. वॉल्सिंगहॅमकडचा आर्थर ग्रेगरी लाखेची मोहोर अशी उचलायचा आणि परत बसवायचा, की कुणाला पत्ता लागत नसे. तुम्हाला मात्र उघडून पुन्हा चिकटवलेलं पाकीट नुसतं हातात घेतलं तरी समजायचं. ते नेमकं कशावरून, हे सविस्तर लिहा. फोनवर नको, पत्रातच.

आईला साष्टांग नमस्कार.

तुमची,
मनू