पक्का पीआर, कच्ची पावती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी मेथी निवडायला तुमच्या अंकाचं एक पान पसरलं, तर काड्यांखालून ‘ऑस्ट्रेलियात नोकरी, स्पॉन्सरशिप, पक्का पीआर’ अशी अर्ध्या पानाची जाहिरात डोकावली. (स्पॉन्सरशिप म्हणजे तिथल्या मालकाने व्हिसासाठी पाठीशी उभं राहणं, पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना.) एका सहकारी बँकेत खतावणीवर ३१ वर्षं काढल्यामुळे ‘पक्का’ हा शब्द दिसला की माझा हात आपोआप पावतीकडे जातो. योगायोग असा की त्याच एजंटची पावती दोन दिवसांपूर्वी माझ्या हातात होती.

आमच्या वाड्यातला मुलगा, इथल्या बडोद्याच्या तरसाली आयटीआयचा फिटर. त्याच्या आईने ती आणून दाखवली. पावती कसली, लेटरहेड नसलेली चिठ्ठी. ‘स्पॉन्सर चार्ज, रु. ४ लाख, आगाऊ.’ खाली इंग्रजीत गुंडाळलेली सही. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. एकूण ठरले १९ लाख, बाकीचे व्हिसा आल्यावर. चार लाखांसाठी तिच्या पाटल्या गहाण पडल्यात. “ताई, मालक मिळाला म्हणजे पीआर झालाच ना?” असं तिने विचारलं, म्हणून हे पत्र.

मालक मिळणं आणि पीआर होणं यात काय काय भरलेलं असतं, ते मी माझ्या भाच्यामुळे शिकले. तो मेलबर्नला शिकायला गेला, गाड्या दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं आणि एप्रिल २०२१ मध्ये एका गॅरेजवाल्याने त्याला चार वर्षांच्या व्हिसावर स्पॉन्सर केलं. तेव्हाचा नियम असा की त्याच मालकाकडे तीन वर्षं काम झालं, की मालकाने पीआरसाठी नाव पुढे करायचं. दोन वर्षं चार महिने झाले आणि १४ ऑगस्ट २०२३ ला मालकाने गॅरेज विकून टाकलं. नव्या मालकाला स्पॉन्सरशिपची झंझट नको होती. भाच्याच्या कामात काही खोट नव्हती, पण हातात उरले साठ दिवस. तेवढ्यात दुसरा मालक उभा करायचा, नाहीतर देश सोडायचा.

माझ्या वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने साठ चौकटींना खुणा केल्या. दूधवाल्याचे खाडे आणि गॅसची तारीख ज्या चौकटींत लिहायची, त्यांतच कोपऱ्यात बारीक आकडे: १, २, ३... गणपती ३६ आणि ३७ च्या आसपास आले. आरतीला उभी असताना तिची नजर मूर्तीपेक्षा कॅलेंडरकडेच जास्त. एक्कावन्नाव्या दिवशी, ४ ऑक्टोबरला, दुसऱ्या गॅरेजचं नॉमिनेशन, म्हणजे ‘या कामासाठी हाच माणूस हवा’ असा मालकाचा सरकारकडचा अर्ज, मंजूर झालं. पितृपक्ष चालू होता म्हणून तिने कुणाला काही सांगितलं नाही, पेढे वाटले ते नवरात्रात.

पण तीन वर्षांचं घड्याळ मात्र पुन्हा शून्यावर. आधीचे दोन वर्षं चार महिने पाण्यात! पुढे सात आठवड्यांनी, २५ नोव्हेंबर २०२३ ला, सरकारने तीनाची दोन वर्षं केली. म्हणजे गॅरेज जरा उशिरा विकलं जातं तर मुलगा तेव्हाच पात्र ठरला असता. मी रागावून फोनवर काहीबाही बोलले, तो म्हणाला, “आत्या, नियमाला आपली जन्मतारीख माहीत नसते.” १ जुलै २०२४ पासून नोकरी सुटल्यावर एका वेळी १८० दिवस मिळू लागले, सगळे मिळून जास्तीत जास्त ३६५. आणि ७ डिसेंबर २०२४ ला जुन्या व्हिसाच्या जागी नवा आला, तेव्हा कुठल्याही मान्यताप्राप्त मालकाकडची नोकरी मोजली जाऊ लागली. त्याची जुनी वर्षं परत जमेत आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने फाईल टाकली, निकाल अजून यायचाय.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं, कारण नियम सैल झाले तरी एक गाठ तशीच आहे: पीआरच्या अर्जावर तेव्हाच्या मालकाची सही लागते. मालकाने ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की मुलगा पुढच्या वर्षापर्यंत तिथेच. जादा तासांचे पैसे मागायचे की नाही, हेसुद्धा तो त्या सहीकडे बघून ठरवतो. आणि साधारणपणे पंचेचाळिशीच्या आत अर्ज व्हावा लागतो, त्यामुळे इकडे पस्तिशी ओलांडलेल्यांनी तर बोटांवर वर्षं मोजूनच निघावं.

आता त्या चार लाखांकडे. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं, घेणं किंवा देणं हे ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे. देणाराही सुटत नाही, त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. मालकाला सरकारकडे प्रशिक्षण निधीची रक्कम भरावी लागते. छोट्या धंद्याला व्हिसाच्या दर वर्षामागे १,२०० डॉलर, एक कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त उलाढाल असेल तर १,८००. पीआरच्या वेळी एकदाच ३,००० किंवा ५,०००. ही रक्कम कामगाराकडून वसूल करता येत नाही. व्हिसाची फी मुलाने भरली तर चालते. मग १९ लाख कुठल्या खात्यात जमा धरायचे? मला तरी ते खातं सापडलं नाही.

इतर देशांतही फार वेगळं नाही. अमेरिकेत एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मुळात सहा वर्षांचा, पुढे ग्रीन कार्डाच्या (तिथल्या पीआरच्या) रांगेत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून रांग इतकी लांबते की आपल्या लोकांची मुलं एकवीस वर्षांची होऊन आईबापांच्या अर्जातून, रांगेबाहेर पडतात. ब्रिटनने २२ जुलै २०२५ ला परदेशातून नवे केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करणारे, घेणंच बंद केलं. त्याचेही बोर्ड आमच्या अलकापुरीत अजून लटकताहेत.

करार म्हटला की आम्हा बडोदेकरांना सयाजीराव आठवतात. १९१३ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असं लिहूनच घेतलं होतं. नोकरीला आल्यावर या शहराने त्यांना राहायला धड जागा दिली नाही, ती आमची लाज. पण कागद तरी सरळ होता: किती वर्षं, कुणाकडे, कशाच्या बदल्यात. फिटरच्या आईने एजंटला एवढंच विचारलं, मालकाचं नाव काय आणि नॉमिनेशनमध्ये कामाचं नाव काय लिहिणार? उत्तर आलं, “व्हिसा आल्यावर सांगू.”

आपल्याकडून अपेक्षा एकच. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ही नावं ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटांचीही यादी खुली आहे, प्रत्येकाला सात आकडी क्रमांक. जाहिरात घेताना तुमच्या विभागाने हे क्रमांक मागावेत आणि जाहिरातीतच छापावेत. नसतील, तर जाहिरात नाकारावी. अर्ध्या पानाचे पैसे बुडतील, हे मला कळतं.

चिठ्ठीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्यावरचं एजंटचं नाव मी खोडलं आहे. तुम्हाला ते तुमच्याच रविवारच्या पानावर सापडेल.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस
दांडिया बाजार, बडोदे