साठा करा, पण रांग लागायच्या आधी

संपादक महोदय, नमस्कार,

टंचाईची बातमी आली की दुसऱ्या दिवशी दुकानांसमोर रांगा, तिसऱ्या दिवशी त्या रांगांचे फोटो पेपरात, आणि ते फोटो बघून जे इतके दिवस निवांत होते ते पण पिशवी घेऊन बाहेर. हे सगळ्या जगात असंच होतं. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं तेव्हा जपानमध्ये कागद संपणार अशी अफवा उठली आणि टॉयलेट पेपरसाठी लोकांची झुंबड उडाली, मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी कितीतरी देशांत परत तेच झालं, आणि दोन्ही वेळा कागदाचे कारखाने काही बंद पडले नव्हते. दुकानातला माल रोजच्या खपाच्या अंदाजाने भरलेला असतो, त्यामुळे सगळ्यांनी एकाच आठवड्यात दुप्पट उचललं की फळ्या रिकाम्या होणारच, त्याला खरी टंचाई लागतच नाही.

मला या पत्रातून एवढंच सांगायचंय की घरात थोडा साठा ठेवणं आणि साठेबाजी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक आहे तो वेळेचा. सगळं व्यवस्थित मिळत असताना दर खेपेला एखादं पाकीट जास्त आणलं तर कुणाच्या तोंडचं काही जात नाही, उलट ज्या दिवशी बातमी येते त्या दिवशी तुम्ही रांगेत नसता आणि तुमच्या जागी असा माणूस उभा राहू शकतो ज्याच्याकडे आधी आणून ठेवायला पैसेच नव्हते. रोजच्या कमाईवर रोजचं आणणाऱ्याला तयारी करा म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे ती सोय नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती आधी करायची, म्हणजे ऐनवेळी दुकानातलं त्याच्यासाठी शिल्लक राहील. मला तरी ही नागरिक म्हणून आपली जबाबदारी वाटते.

साठा म्हटलं की लोकांना डोळ्यासमोर खोली भरून डबे दिसतात, तसं काही लागत नाही. जपानमध्ये भूकंप नेहमीचेच, १९२३ च्या मोठ्या भूकंपाची आठवण म्हणून तिथे १ सप्टेंबरला आपत्ती निवारण दिवस पाळतात, आणि तिथल्या घरांना जी पद्धत सांगितली जाते ती इतकी सोपी आहे की कुणालाही जमेल. रोज जे खाता तेच थोडं जास्त आणायचं, नवीन आलेलं मागे ठेवायचं, जुनं पुढे ओढून आधी वापरायचं आणि वापरलं तेवढं परत भरायचं. काही वाया जात नाही, काही वेगळं विकत घ्यावं लागत नाही. संकटासाठी म्हणून जे खास आणलं जातं आणि एरवी घरात कुणी खात नाही ते कपाटाच्या तळाशी मुदत संपून पडतं, हे बऱ्याच घरांत बघितलंय. आणि निदान अर्धा साठा तरी असा हवा की जो न शिजवता खाता येईल, कारण इंधनच नसेल तर कोरड्या धान्याचा काय उपयोग?

पाण्याबद्दल मात्र जास्त बोलायला हवं कारण अन्नाशिवाय माणूस काही आठवडे काढू शकतो, पाण्याशिवाय जेमतेम काही दिवस. हिशोब साधा आहे, माणशी दिवसाला साधारण ४ लिटर, त्यातलं निम्मं पिण्यासाठी आणि बाकीचं स्वयंपाक, तोंड धुणं वगैरेसाठी. म्हणजे चार माणसांच्या घराला ३ दिवसांचे ४८ लिटर. ऐकायला जास्त वाटतं पण २० लिटरचे दोन कॅन आणि काही बाटल्या झाल्या की होतं. खाण्यापिण्यासाठी बनवलेल्याच प्लास्टिकचे कॅन घ्या, दुधाच्या बाटल्या वापरू नका, त्या कितीही धुतल्या तरी आत अंश राहतो आणि त्यावर जंतू वाढतात. घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदला, कॅनवर तारीख टाका, आणि पेट्रोल, रॉकेल, कीटकनाशक यांच्या शेजारी ठेवू नका. संडासाला, लादी पुसायला लागणारं पाणी यात धरलेलं नाही, त्यासाठी बादल्या पिंप वेगळं.

पाणी शंकास्पद असेल तर उकळणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, चांगली खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरतं, समुद्रसपाटीपासून २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं. इंधन नसेल तर घरातलं साधं ब्लीच चालतं, पण सुगंधी नको आणि रंगीत कपड्यांसाठी मिळतं ते पण नको, ज्यावर ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलंय ते, लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं, पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून घ्यायचं आणि मग दुप्पट थेंब. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलकासा वास आला पाहिजे. दोन गोष्टी लक्षात ठेवा, ब्लीच जुनं झालं की त्याचा जोर कमी होतो, आणि उकळून किंवा ब्लीच टाकून जंतू मरतात पण पाण्यात केमिकल किंवा इंधन मिसळलं असेल तर ते जात नाही, तसलं पाणी पिऊच नका.

आता वीज. वीज गेली की फक्त दिवे जातात असं आपण धरून चालतो आणि तयारी म्हणून मेणबत्त्या आणतो. उंच इमारतीत पंप बंद पडला की काही तासांत नळ कोरडे, लिफ्ट बंद, वायफाय लगेच जातं, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तास ओढतात आणि मग नेटवर्क पण जातं, कार्ड चालत नाही, एटीएम चालत नाही, पेट्रोल पंपावर टाकीत पेट्रोल असून ते वर खेचायला वीज लागते. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भरदुपारी एकदम वीज गेली, रेल्वे जिथल्या तिथे थांबल्या, खिशात सुट्टे पैसे असलेल्यालाच दुकानातून काही घेता येत होतं आणि लोक सेलवर चालणारे रेडिओ शोधत होते. युद्ध नाही, भूकंप नाही, पूर नाही, साधा एक दिवस होता. त्यामुळे घरात थोडी रोख रक्कम ठेवा आणि ती लहान नोटांत ठेवा, मोठ्या नोटेचे सुट्टे त्या दिवशी कुणाकडे नसतात. सेलचा रेडिओ ठेवा. पॉवर बँक ठेवा पण दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा, नुसती कपाटात पडून ती उतरते. टॉर्चमधले सेल काढून शेजारीच ठेवा, वर्षभर आत राहिले की ते गळतात आणि टॉर्च नेमकी लागते तेव्हा पेटत नाही. मेणबत्तीपेक्षा एलईडी दिवा केव्हाही बरा, अंधारात घाबरलेली मुलं आणि उघडी ज्योत एका खोलीत नकोत. आणि नेटवर्कवर ताण असतो तेव्हा कॉल लागत नाही पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, व्हॉट्सॲपवर अडून बसू नका.

फ्रिजचं दार सारखं उघडून बघू नका. बंद ठेवलं तर फ्रिजमधलं साधारण ४ तास टिकतं, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. त्यापुढे नासणाऱ्या वस्तू चाखून बघायच्या नाहीत, चव ठीक लागली म्हणजे खायला ठीक असं नसतं.

याच्या पुढचं मी हात जोडून सांगतोय. वीज गेली, थंडी आहे, गॅस संपला म्हणून कोळशाची शेगडी घरात पेटवू नका आणि जनरेटर घरात, गॅलरीत, गॅरेजमध्ये लावू नका, खिडकी उघडी ठेवून पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. जनरेटर खिडक्या-दारांपासून निदान ६ मीटर लांब, उघड्यावर. वादळातून वाचलेली माणसं नंतर अशी घरातल्या घरात जातात, दरवेळी जातात, आणि हे सगळे मृत्यू टाळता येणारे असतात म्हणून जास्त वाईट वाटतं.

औषधांकडे सगळ्यात कमी लक्ष असतं असं माझं मत आहे. घरात महिन्याचं धान्य असतं आणि बीपीच्या गोळ्या दोन उरलेल्या असतात. रोजची गोळी चालू असलेल्या माणसाची निदान एक-दोन आठवड्यांची औषधं कायम जादा असली पाहिजेत, त्यातही जुनं आधी वापरायचं आणि नवीन मागे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा की मला थोडी जास्तीची लिहून द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. औषधाचं ब्रँडचं नाव नुसतं पाठ असून भागत नाही, आतल्या औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम हे कागदावर लिहून ठेवा कारण तुटवड्यात तोच ब्रँड मिळेल असं नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या पेनवर किंवा बाटलीवर काय लिहिलंय ते आजच वाचा, न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, वापरात काढलेलं बरेचसे प्रकार खोलीच्या तापमानाला साधारण ४ आठवडे चालतात पण प्रत्येकाचं वेगळं, आणि बर्फाला चिकटून गोठलं तर ते फेकून द्यायचं. ऑक्सिजनचं किंवा दुसरं मशीन विजेवर चालत असेल तर वीज गेल्यावर किती तास आणि कशावर चालणार हा प्रश्न पुरवठादाराला आत्ता विचारा, रात्री दोन वाजता नाही. चष्म्याची जुनी जोडी, कानाच्या मशीनचे सेल, बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड, या गोष्टी कुठल्याच यादीत नसतात आणि पहिल्याच दिवशी लागतात. पाणी खराब झालं की जुलाब ठरलेले, म्हणून ओआरएसची पाकिटं ठेवा, आणि ती नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, याच्यापेक्षा मीठ जास्त नको.

अजून एक, ही तयारी कुठल्याही एका माणसाच्या डोक्यात असून चालत नाही. बहुतेक घरांत गॅसचा कॉक कुठे, मेन स्विच कुठला, औषधांचा डबा कुठे हे एकाच व्यक्तीला ठाऊक असतं आणि ती व्यक्ती नेमकी बाहेर असते. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू नाही आणि बंद पण नाही, कॉक बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायची, बाहेर पडायचं आणि फोन बाहेर जाऊनच करायचा, एवढं घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला पण यायला हवं. फोन नंबर आता कुणाला पाठ नसतात म्हणून पाच-सहा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, त्यातला एक बाहेरगावच्या नातेवाइकाचा असू दे, गावातल्या गावात फोन लागत नाहीत तेव्हा दोघांनी त्याच्याकडे निरोप ठेवायचा.

आणि शेजारी. जपानमधल्या कोबे शहराच्या १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ढिगाऱ्यातून ज्यांना बाहेर काढलं त्यातल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, मदतपथक सगळीकडे एकाच वेळी पोचूच शकत नाही. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना लिफ्ट बंद असताना पाणी कोण नेऊन देणार हे इमारतीतल्या लोकांनी आधी बोलून ठरवलं तर त्याला एक पैसा लागत नाही.

हे सगळं सांगणं म्हणजे लोकांना घाबरवणं अशी एक तक्रार नेहमी ऐकू येते, मला ती पटत नाही. स्वीडनने २०१८ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवली, २०२४ मध्ये नव्याने पाठवली, आणि एक आठवडा स्वतःच्या बळावर काढता येईल असं घर ठेवा असं लोकांना स्पष्ट सांगितलं. युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये निदान ७२ तासांचं म्हटलं. माणूस घाबरतो ते काय करायचं हे माहीत नसल्यावर, आणि घाबरलेला माणूसच दुकानातून दहा-दहा पाकिटं उचलतो.

म्हणून संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. टंचाईची बातमी छापताना रिकाम्या फळ्यांचा फोटो पहिल्या पानावर मोठा करून लावू नका, त्याऐवजी पुरवठा नक्की कुठे अडलाय आणि परत कधी सुरळीत होणार हे जेवढं कळलं असेल तेवढं लिहा. आणि एरवी, काहीच संकट नसताना, वर्षातून दोनदा एक चौकट छापा ज्यात पाण्याचा हिशोब, ब्लीचचे थेंब, ओआरएसचं प्रमाण, फ्रिजचे तास आणि फोन नंबर लिहायला चार-पाच मोकळ्या ओळी असतील. लोक ती कापून फ्रिजवर लावतील. वेबसाइटवर टाकाल तर टाका, पण कागदावर छापाच, कारण ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी मोबाइल चालू असेलच असं नाही.

आपला,
एक नियमित वाचक