कणखरपणा म्हणजे टकरींची बेरीज नव्हे : आइस हॉकी मॅनेजर गेमबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
आइस हॉकी मॅनेजर गेम (मराठी आवृत्ती)

विषय : गेममध्ये खेळाडूंचा कणखरपणा, ट्रेडचं (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचं) मोल आणि तरुण खेळाडूंचे करार चुकीचे मोजले जात असल्याबद्दल, दुरुस्ती किंवा वर्गणीचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या गेमची पूर्ण आवृत्ती वार्षिक वर्गणी भरून घेतली आहे. खरेदीच्या पानावर ‘एनएचएलचे करार आणि ट्रेडचे नियम जसेच्या तसे’ असं आश्वासन आहे (एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली मुख्य आइस हॉकी लीग). प्रत्यक्षात तीन मूलभूत गोष्टी चुकल्या आहेत, आणि पहिल्या चुकीतून पुढच्या दोन्ही वाढल्या आहेत. म्हणून पहिलीवरच जास्त लिहितो.

खेळाडूच्या कार्डावर ‘कणखरपणा’ हा १ ते १०० असा आकडा असतो. तो कशातून येतो हे तपासायचं असेल तर आपल्याच ‘खेळाडू घडवा’ विभागात एक विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) तयार करा. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त वजन ७४ किलोवरून १०४ करा. आकडा ४१ वरून ६३ होतो. मग मागच्या हंगामातल्या टकरी ५० वरून २५० करा, तो ७८ वर जातो. मारामाऱ्या शून्यावरून दहा केल्या की ९० पार. पकवरचा (चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीवरचा) ताबा, नेटसमोरचे गोल, प्रतिस्पर्ध्यावर ओढवलेल्या पेनल्ट्या (नियमभंगाच्या शिक्षा), दुखापतीतून खेळलेले सामने, यांतलं काहीही बदला, आकडा हलत नाही. म्हणजे आपल्या लेखी कणखर खेळाडू म्हणजे जाडजूड, टकरी देणारा आणि हातमोजे टाकून मारामारीला उतरणारा.

टकरींचा आकडा मुळातच फसवा आहे. टक्कर द्यायची ती पक ज्याच्याकडे आहे त्याला. त्यामुळे ज्या संघाकडे पक कमी वेळ असतो, त्याच्या टकरी आपोआप वाढतात. दिवसभर पकच्या मागे धावणारा संघ कागदावर दणकट दिसतो तो यामुळे. शिवाय टकरी त्या त्या रिंकवर बसलेली माणसं डोळ्यांनी मोजतात आणि प्रत्येक रिंकचा हात वेगळा, कुठे सढळ, कुठे आखडता. हा आकडा वापरायचाच असेल तर फक्त परगावच्या सामन्यांतला घ्या, आणि संघाकडे पक नसलेल्या मिनिटांनी त्याला भागा.

खरा कणखरपणा कुठे दिसतो ते सांगतो. आपल्या कोपऱ्यात टाकलेला पक आणायला डिफेन्समन मागे जातो. पाठीमागून चेकर (टक्कर द्यायला धावणारा प्रतिस्पर्धी) येतोय हे त्याला ठाऊक असतं, दणका बसणार हेही ठाऊक असतं. तरी तो नजर वर ठेवून, काठीचं पातं बर्फावर टेकवून पास देतो आणि मग बोर्डवर (रिंकभोवतीच्या कठड्यावर) आदळतो. यात टक्कर नोंदवली जाते ती मारणाऱ्याच्या नावावर. दणका झेलून पक बाहेर काढणाऱ्याला आपल्या गेममध्ये शून्य गुण. नेटसमोर उभं राहून कमरेत काठ्यांचे ढोसे खाणाऱ्या फॉरवर्डचीही तीच गत. २०२३ मध्ये स्टॅनली कपच्या (एनएचएलच्या विजेतेपदाच्या) अंतिम फेरीत फ्लोरिडाचा मॅथ्यू टकाचुक तिसऱ्या सामन्यात जबर टकरीनंतर बाहेर गेला, परत आला आणि शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल केला. त्याच्या छातीचं हाड मोडलं होतं. चौथा सामनाही तो त्याच अवस्थेत खेळला. आपल्या कार्डावर याला जागाच नाही.

उलट उदाहरण माँट्रियालच्या लेन हटसनचं. उंची १७५ सेंटिमीटर, वजन जेमतेम ७३ किलो. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) तो ६२ वा निवडला गेला, कारण बहुतेकांनी आपल्यासारखाच हिशेब मांडला होता. २०२४-२५ मध्ये त्याने सगळे ८२ सामने खेळून ६६ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मिळवले, त्यांत ६० असिस्ट (गोल होण्याआधीचे पास). नवोदित डिफेन्समनच्या असिस्टचा लॅरी मर्फीचा विक्रम त्याने गाठला आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक घेतला. सडपातळ डिफेन्समन ८२ सामने उभा राहतो तो चपळ वळणांनी टक्कर चुकवून. टक्कर चुकवता येणं हाही कणखरपणाचाच भाग आहे. आपल्याकडे हटसनचा आकडा ३८ आहे.

मारामारीबद्दल दोन तांत्रिक चुका. एक, भांडण उकरून काढणाऱ्याला नियमाने दोन मिनिटं, मारामारीची पाच आणि वर दहा मिनिटांची गैरवर्तनाची शिक्षा मिळते. आपल्याकडे दोघांनाही पाच-पाच मिनिटं बसवून प्रकरण मिटतं. दोन, मारामारी जिंकली की संघाला उरलेल्या सामन्यात ‘जोश’ म्हणून दहा टक्के वाढ मिळते. यामुळे रांगडा गडी चौथ्या ओळीत असणं जवळजवळ सक्तीचं झालं आहे. वास्तवात त्याची किंमत मोजावी लागते. सामन्याला १८ स्केटर (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू) उतरतात, त्यांतले साधारण १२ फॉरवर्ड, म्हणजे आळीपाळीने बर्फावर येणाऱ्या तिघा-तिघांच्या चार ओळी. चौथी ओळ दहा मिनिटं खेळली तर बाकी तीन ओळींवर सरासरी १६ मिनिटं ४० सेकंद येतात. ती सहाच मिनिटं खेळू शकली तर प्रत्येकी १८. हा फरक एका सामन्यात जाणवत नाही, पण प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) तिसऱ्या फेरीत पाय जड होतात ते याने. न्यूयॉर्क रेंजर्सच्या मॅट रेम्पेला २०२४ मध्ये कोपर मारल्याबद्दल आधी चार आणि मग डिसेंबरात आठ सामन्यांची बंदी झाली. बंदीच्या काळात तो गडी ना टक्कर देतो ना मारामारी करतो. आपल्या गेममध्ये मात्र त्या सगळ्या कृती ‘कणखरपणा’त जमा होतात.

रांगड्या खेळाडूची गरजच नाही असं मी म्हणत नाही. वॉशिंग्टनचा टॉम विल्सन हवाच. पण त्याने २०२४-२५ मध्ये ३३ गोलही केले. त्याची दहशत उपयोगाची ठरते, कारण प्रशिक्षक त्याला महत्त्वाच्या मिनिटांत बर्फावर ठेवू शकतो. बाकावर बसलेल्याला कोण घाबरतं?

आता ट्रेड. आपलं ट्रेड-इंजिन दोन्ही बाजूंच्या आकड्यांची नुसती बेरीज करतं. चौथ्या ओळीतले तीन ‘कणखर’ गडी आणि दुसऱ्या फेरीची एक पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचा हक्क) दिली की समोरचा संघ पहिल्या ओळीचा सेंटर देऊन टाकतो. पाच वेगवेगळ्या संघांशी हे जमलं. बर्फावर एका वेळी तीनच फॉरवर्ड असतात, रोस्टरची (मुख्य संघातल्या खेळाडूंची) मर्यादा २३ आणि एकूण करारांची ५०. चार मध्यम खेळाडू घेणाऱ्याला तीन जागा रिकाम्या करायला लागतात, हा खर्च इंजिनला कळत नाही. पिकचंही तेच. पहिल्या फेरीतली पहिली निवड आणि ३२ वी निवड यांना आपल्याकडे एकच भाव आहे, आणि ‘पहिल्या दहात आली तर द्यायची नाही’ अशी संरक्षणाची अटही लावता येत नाही.

जुलै २०२२ चा कॅल्गरी-फ्लोरिडा ट्रेड गेममध्ये घालून बघा. फ्लोरिडाने ११५ गुणांचा जॉनथन ह्युबरडो, पहिल्या जोडीतला डिफेन्समन मॅकेन्झी वीगर, कोल श्विंट आणि पहिल्या फेरीची अटींसह एक पिक दिली, आणि १०४ गुणांचा मॅथ्यू टकाचुक घेतला. आपला सल्लागार लाल अक्षरांत सांगतो : ‘मोठे नुकसान, ट्रेड रद्द करा.’ पण ह्युबरडो २९ वर्षांचा होता आणि त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. टकाचुक २४ चा होता आणि वर्षाला ९५ लाख डॉलरप्रमाणे आठ वर्षांचा करार करूनच आला. वय आणि कराराची वर्षं हाच त्या ट्रेडचा गाभा होता. त्याआधी साखळीत संघ म्हणून १२२ गुण मिळवून पहिला आलेला फ्लोरिडा टॅम्पाकडून चारही सामने हरून बाहेर पडला होता. पुढच्या हंगामात साखळीतले गुण ९२ वर घसरले, पण पहिल्या फेरीत १३५ गुणांच्या बोस्टनला हरवून तो अंतिम फेरीत गेला, आणि २०२४ व २०२५ मध्ये स्टॅनली कप जिंकला. सगळं श्रेय एका ट्रेडला देणं चूक आहे. बार्कोव्ह, बॉब्रोव्हस्की आणि प्रशिक्षक पॉल मॉरिस होतेच. पण संघाचा पोत त्या ट्रेडने बदलला, आणि तो आपल्या बेरजेत मावत नाही.

मार्च २०२५ मध्ये याच संघाने ३६ वर्षांचा ब्रॅड मार्शंड एका सशर्त पिकच्या बदल्यात घेतला. त्याने त्या प्लेऑफमध्ये दहा गोल केले, त्यांतले सहा अंतिम फेरीत. तोही उंचीने हटसनएवढाच. गेममध्ये पस्तिशी उलटली की प्रत्येक खेळाडूचं मोल सरसकट निम्मं होतं. पायांच्या वेगावर जगणारा आणि डोक्याने खेळणारा एकाच गतीने म्हातारे होत नाहीत, त्यांना वेगळा उतार लावा.

पगार राखून ठेवण्याचा नियमही अर्धवट आहे. ट्रेडमध्ये खेळाडू पाठवणारा संघ त्याच्या पगाराचा कॅपमधला (संघाच्या एकूण पगारमर्यादेतला) निम्मा भार स्वतःकडे ठेवू शकतो, आणि एका संघाला एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात. आपल्याकडे तीनची मर्यादा नाही, आणि तिसरा संघ मध्ये घेताच येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मिक्को रांटानेन कोलोरॅडोहून कॅरोलिनाला गेला तेव्हा त्याचा निम्मा भार शिकागोने उचलला, जिथे तो कधी खेळलाच नाही. आपल्या पडद्यावर हा ट्रेड भरायला रकानाच नाही.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत नुकसान सगळ्यात जास्त आहे, कारण त्याचे परिणाम पाच-सहा हंगामांनी दिसतात आणि तोवर सेव्ह फाइल वाया गेलेली असते. १८ किंवा १९ वर्षांचा खेळाडू हंगामात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळला तर त्याचा पहिला तीन वर्षांचा करार एक वर्ष पुढे सरकतो, म्हणजे ते वर्ष मोजलं जात नाही. म्हणूनच संघ नऊ सामने खेळवून बघतात आणि निर्णय घेतात. आपल्याकडे पहिल्याच सामन्याला वर्ष जळतं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्या १८ वर्षांच्या पोराला एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये) पाठवता येत नाही. एनएचएल किंवा ज्युनियर, दोनच वाटा. आपण तिसरी वाट खुली ठेवली आहे आणि सल्लागार तीच सुचवतो. वेव्हरची (खालच्या लीगमध्ये पाठवण्याआधी खेळाडू इतर संघांना घेऊ देण्याच्या नियमाची) सूटही कायमची धरली आहे. १८ व्या वर्षी करार केलेल्या स्केटरची सूट पाच वर्षं किंवा १६० सामने, जे आधी होईल त्याला संपते.

वाढीचं सूत्र याहून वाईट आहे. चौथ्या ओळीत सात मिनिटं खेळणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाची प्रगती ज्युनियरमध्ये २२ मिनिटं आणि पॉवरप्ले (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) खेळणाऱ्यापेक्षा जास्त दाखवली जाते, केवळ ‘लीगचा दर्जा’ हा गुणक मोठा आहे म्हणून. सात मिनिटांत पोरगा पक बाहेर ढकलून बाकावर परतायला शिकतो, खेळ रचायला शिकत नाही. एडमंटनमध्ये डिलन हॉलोवेला तळाच्या ओळींतच मोजकी मिनिटं मिळत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने त्याला आणि फिलिप ब्रोबर्गला ऑफर शीट (दुसऱ्या संघाच्या तरुण खेळाडूला थेट कराराचा प्रस्ताव) दिली, एडमंटनने तेवढाच पगार देऊन ती जुळवली नाही, आणि बदल्यात तिसऱ्या व दुसऱ्या फेरीची एकेक पिक घेतली. पुढच्याच हंगामात हॉलोवेने २६ गोल आणि ६३ गुण केले. ऑफर शीट हा पर्यायच आपल्या गेममध्ये नाही, त्यामुळे आपल्या तरुण खेळाडूंना कमी मिनिटं देणाऱ्या संघाला कसलाही धोका उरत नाही.

भाषांतराबद्दल थोडक्यात, पण हे मनाला लागलेलं आहे. ‘बॉडी चेक’ला ‘शरीर तपासणी’, ‘वेव्हर’ला ‘माफी’, पकला ‘चेंडू’ आणि एका मदत-पानावर चक्क ‘पेनल्टी कॉर्नर’. तो मैदानी हॉकीतला आहे, बर्फावर तसं काही नसतं. टोरंटो, एडमंटन, न्यू जर्सीतली मराठी मुलं हा खेळ बघत वाढतात आणि सुट्टीत इथल्या आजी-आजोबांना तो समजावून सांगतात. त्यांच्या हाती नीट मराठी द्यायला हवी. चेक, पक, वेव्हर हे शब्द तसेच ठेवा आणि खाली एका ओळीत अर्थ द्या.

माझी मागणी अशी. कणखरपणाचा एक आकडा मोडून चार करा : पक परत मिळवणं, नेटसमोरचा खेळ, प्रतिस्पर्ध्यावर ओढवलेल्या पेनल्ट्यांतून स्वतःच्या पेनल्ट्या वजा केलेला आकडा आणि टिकाऊपणा. वजन फक्त पहिल्या दोन्हींत, तेही थोडंसं मोजा. ‘जोश’ची दहा टक्के वाढ काढून टाका. ट्रेडमध्ये रोस्टरच्या जागेची किंमत आणि कराराची उरलेली वर्षं धरा. नऊ सामन्यांचा नियम, ज्युनियरची अट आणि वेव्हरची मुदत आधी दुरुस्त करा, कारण हे तिन्ही सरळ नियम आहेत आणि त्यांना नवीन सूत्र लागत नाही. जुन्या सेव्ह फाइलमध्ये जळलेली करार-वर्षं परत मिळावीत.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्तीची तारीख लेखी कळवावी किंवा वर्गणी पूर्ण परत करावी. दोन्हींपैकी काही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागितली जाईल. आश्वासन छापलेल्या खरेदी-पानाची प्रत त्यासाठी जपून ठेवली आहे.

आपला,
एक वार्षिक वर्गणीदार

सोबत :
१. वर्गणीची पावती
२. ‘खेळाडू घडवा’ विभागातल्या चाचणीचे चार स्क्रीनशॉट (वजन, टकरी, मारामाऱ्या, मूळ कार्ड)
३. पाच ट्रेडच्या सेव्ह फाइल
४. चुकीच्या भाषांतरांची यादी, पान क्रमांकांसह