मॅग्नेशियम ठिसूळ नव्हे, गार!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हलक्या धातूंवरच्या लेखात ‘मॅग्नेशियम ठिसूळ, त्याचा पत्रा निघत नाही’ असे एका ओळीत उरकले आहे. पत्रे लाटण्यातच माझी नोकरी गेली, आता शिरोड्यात असतो. राहवले नाही म्हणून लिहितो.

पत्रा निघतो, पण गरमच लाटावा लागतो. मोदकाची उकड निवली की पारीला चिरा पडतात ना, तसेच. या धातूच्या अणूंची रचना षटकोनी. गार असताना त्यांचे थर सहजपणे जवळजवळ एकाच पातळीवर घसरतात, बाकी दिशांना धातू तडकतो. साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या वर इतर पातळ्याही मोकळ्या होतात. तीन टक्के ॲल्युमिनियम आणि एक टक्का जस्त घातलेला ‘एझेड ३१’ हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू म्हणूनच सहसा ३०० ते ४०० अंशांना लाटतात.

रोलखाली ओतीव धातूचे जाड कण मोडतात आणि त्याच उष्णतेत नवे, बारीक कण तयार होतात. त्याने ताकद वाढते आणि तन्यताही; एरवी एक मिळवताना दुसरे हातचे जाते. (लेखात तन्यतेला ‘लवचिकता’ म्हटले आहे. लवचिक म्हणजे वाकून पूर्ववत होणारे, तन्य म्हणजे न तुटता ताणले जाणारे.)

आमचे मुख्य काम ॲल्युमिनियमचे. मॅग्नेशियमच्या मोजक्याच स्लॅब चाचणीला आल्या होत्या. पहिले पास (रोलांमधून एकदा काढणे म्हणजे एक पास) छान गेले. पत्रा पातळ झाल्यावर एक पास घ्यायला उशीर झाला, गार रोलला टेकताच तो निवला आणि दोन्ही कडांना करवतीच्या दातांसारख्या फटी! कडा कापल्या, पुन्हा भट्टीत घातला. तिथेही फार वेळ ठेवून चालत नाही, बारीक कण परत फुगतात.

लाटताना बहुतेक कण एकाच बाजूला आडवे होतात, त्यामुळे असा पत्रा गार असताना प्रेसमध्ये खोल दाबणे अजूनही जड जाते. हा दोष लेखकाने सांगितला असता तर पटले असते.

आमच्या मिठागरांत मीठ काढल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात हेच मॅग्नेशियम असते. आणि इथल्याच खाऱ्या वाऱ्यावर लेप न देता ठेवलेला त्याचा पत्रा गंजून जातो. ‘कोकणात चालणार नाही’ एवढेच लिहिले असते, तर मी पेन उचललेच नसते.

आपला,
एक वाचक, शिरोडा (सिंधुदुर्ग)