फ्यूएल पंप रिकॉलची सूचना संदिग्ध असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय: माझी पेट्रोल कार दुरुस्त होईपर्यंत चालवावी की नाही, याचे लेखी उत्तर मिळणेबाबत.

महोदय,

मी चिपळूणला राहतो. आपल्या कंपनीची पेट्रोल कार मी नवी कोरी घेतली आहे. गेल्या महिन्यात आपल्याकडून मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. गाडीच्या फ्यूएल पंपाची (टाकीतले पेट्रोल इंजिनला पोचवणाऱ्या पंपाची) खबरदारी म्हणून तपासणी करायची आहे, सोयीनुसार जवळच्या डीलरशी संपर्क साधावा, एवढाच त्याचा आशय. पंपात दोष काय आहे, त्याने काय होऊ शकते, तोवर गाडी चालवावी का, यातले काहीही त्यात नाही. 'रिकॉल', म्हणजे दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी कंपनीने परत बोलावणे, हा शब्दसुद्धा नाही.

आपल्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकला तर गाडी रिकॉलमध्ये असल्याचे दिसते. कॉल सेंटरला विचारले तर तिथली मुलगी म्हणाली, 'सर, तुमच्या गाडीवर काही पेंडिंग दिसत नाही.' सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले की पार्ट आलेला नाही, आला की फोन करू. एकाच कंपनीची ही तीन उत्तरे. यातले कोणते खरे मानायचे?

सर्व्हिस सेंटरने माझ्यापुढे सहीसाठी जॉब कार्ड ठेवले, त्यावर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' असे छापलेले होते. मी सही करायला नकार दिला. तेव्हा अॅडव्हायझरने खाली पेनाने 'फ्यूएल पंप रिकॉल, पार्ट उपलब्ध नाही' असे लिहून दिले. मी अडून बसलो नसतो, तर रिकॉलसाठी गाडी आणल्याचा कुठलाही पुरावा माझ्याकडे राहिला नसता. हे मला फार गंभीर वाटते.

हा दोष कसा असतो, ते माहीतगार मेकॅनिककडून समजून घेतले. पंपाच्या आत इम्पेलर नावाची छोटी प्लास्टिकची चकती असते. ती इंधन शोषून फुगली की आतल्या आत घासते, पंप अडकतो आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद पडू शकते. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत पॅडल एकदोनदा दाबेपर्यंतच पुरते, मग पॅडल कडक होते. मी वडिलांना तपासणीसाठी कुंभार्ली घाटातून कराडला नेतो. परतीच्या उतारावर, धुक्यात, मागे भरलेला ट्रक असताना असे झाले तर काय होईल, याचा विचार तो मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. सध्या वडिलांना एसटीने नेतो. त्या वयात त्यांचे हाल होतात.

अमेरिकेत रिकॉलच्या पत्रात दोष कोणता, धोका कोणता, दुरुस्ती होईपर्यंत काय काळजी घ्यायची आणि ती फुकट कुठे होईल, हे लिहिणे उत्पादकावर बंधनकारक आहे. आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचे 110अ हे कलम आले आहे. उत्पादकाला स्वतःच्या गाडीत दोष आढळला, तर त्याने केंद्र सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचा असतो. मग ज्याच्या हातात स्टीअरिंग आहे, त्याला अर्धवट मेसेजवर का बोळवता?

आमच्या आळीतल्या एकाने हेच मॉडेल सेकंडहँड घेतले आहे. त्याला तर मेसेजही नाही, तो पुण्यातल्या पहिल्या मालकाला गेला. आरसी आता याच्या नावावर आहे. आजचा मालक कोण, हे सरकारच्या 'वाहन' नोंदीत असते. तिथून नावे घेऊन स्पीड पोस्टाने मराठीत पत्रे पाठवावीत.

माझ्या चॅसिस नंबरला हा रिकॉल लागू आहे की नाही, पंप बदलेपर्यंत गाडी घाटात चालवणे सुरक्षित आहे की नाही आणि पंप कोणत्या तारखेला बसवून मिळेल, हे मला लेखी कळवावे. गाडी उभी ठेवा असे आपले म्हणणे असेल, तर तोवर दुसरी गाडी द्यावी किंवा प्रवासखर्च द्यावा. कॉल सेंटर आणि डीलर यांच्याकडची माहिती आजच एकसारखी करावी, कारण माझ्यासारखे कितीतरी जण तिथे फोन करत असतील.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक वाहनमालक, चिपळूण

सोबत: मेसेज, वेबसाइटवरील नोंद, जॉब कार्ड व आरसी यांच्या प्रती.