जप्त वाळूतली चाळीस ब्रास शाळेला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महसूल खात्याने जप्त केलेल्या वाळूच्या ढिगांवर गवत उगवल्याची बातमी मागच्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर वाचली. त्या वाळूतला थोडा वाटा शाळकरी मुलांच्या खेळासाठी मागायचा आहे, म्हणून हे पत्र.

मी गंगाखेड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. उन्हाळ्यात गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी आटलं की आमची पोरं वाळवंटात फुटबॉल खेळतात. चपला काठावर काढायच्या, दोन-दोन दगड मांडून गोल करायचा आणि दिवस मावळेपर्यंत खेळायचं. पालकांना हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. याच खेळाची जागतिक स्पर्धा होते, हे मी पालकसभेत सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

वाळूवरच्या फुटबॉलचे नियम १९९२ मध्ये ठरले. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९५ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरात, कोपाकबानाच्या किनाऱ्यावर झाली. देश आठच होते. अंतिम सामन्यात ब्राझीलने अमेरिकेला ८-१ असं हरवलं. ब्राझीलकडून कोण खेळलं? झिको आणि ज्युनियर! १९८२ च्या विश्वचषकात ज्यांचा खेळ बघून जग वेडं झालं होतं, ते दोघे चाळिशीत अनवाणी पायांनी वाळूत उतरले. त्याच १९८२ च्या अंतिम सामन्यात इटलीकडून गोल करणारा अल्टोबेलीही या स्पर्धेत होता. पुढे ही स्पर्धा दरवर्षी ब्राझीलमध्येच व्हायची आणि बहुतेक वेळा ब्राझीलच जिंकायचा. २००१ मध्ये पोर्तुगालने ती परंपरा मोडली. २००५ पासून फिफाने स्पर्धा आपल्याकडे घेतली आणि पहिल्याच वर्षी एकेकाळचा नामवंत फ्रेंच फुटबॉलपटू एरिक कँटोनाच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्स जिंकला.

या खेळातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नियम म्हणजे बूट घालायला बंदी. पायाला पट्टी बांधता येते, चष्मा लावता येतो, पण बूट चालत नाहीत. हा नियम माझ्या पोरांसाठी किती मोठा आहे, ते शहरात बसून कळणार नाही. मागे एका आंतरशालेय स्पर्धेला आमचा संघ घेऊन गेले होते. तिघांकडे स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट, नव्हते. आयोजकांनी त्यांना मैदानात उतरू दिलं नाही. त्यातला एक माझा सगळ्यात चपळ खेळाडू, ऊसतोड कामगाराचा मुलगा. मला म्हणाला, "मॅडम, पाय तर माझेच हायेत की." बुटांसाठी वर्गणी काढली, तेवढ्यापुरती सोय झाली. पण वर्षभरात पोरांचे पाय वाढतात आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

दुसरी अडचण आपल्या जमिनीची. मराठवाड्यातली काळी माती कापसाला चांगली, मैदानाला नाही. शालेय फुटबॉल स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात, तेव्हा आमच्या मैदानावर घोट्याएवढा चिखल असतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीला पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. म्हणजे वर्षातले मोजकेच महिने नीट खेळता येतं. वाळूचं मैदान खाली खडी आणि मुरूम टाकून केलं, पाण्याला बाजूने वाट काढून दिली, तर सरीनंतर लवकर खेळता येतं. पडलं तरी गुडघे फुटत नाहीत. त्यामुळे मुलीही बिनधास्त उंच उडी घेऊन चेंडू मारतात. वाळूत चेंडू सरपटत जात नाही, तो हवेतच खेळवावा लागतो. एका बाजूला पाच खेळाडू, बारा मिनिटांचे तीन डाव, हवे तेवढे बदली खेळाडू. वीस मिनिटं वाळूत पळून बघा, पोटऱ्या भरून येतात. धावपटू आणि कबड्डीपटूंनाही हेच मैदान सरावाला उपयोगी पडेल.

आता हिशेब. आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद असतं, वाळूचा थर किमान ४० सेंटिमीटर. त्याला १३० ते १४५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू लागेल. एवढी मागणी मी करत नाही. शाळेसाठी २४ बाय १६ मीटर आणि ३० सेंटिमीटर थर पुरे, म्हणजे साधारण ४० ब्रास.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. या मैदानासाठी नदीतून नव्याने एक टोपलंही वाळू उपसू नये. बेसुमार उपशाने पात्रात जे खड्डे पडलेत, त्यात पोहायला उतरलेल्या पोरांचे जीव जातात. म्हणून तर त्यांनी वाळवंटात एकटं खेळायला जाऊ नये असं मला वाटतं. द्यायची ती आधीच पकडलेली, पडून असलेली वाळूच द्यावी. काटे, काचा, खडे काढायला ती चाळून घेण्याचं काम आम्ही आणि पालक करू. कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून रात्री ताडपत्री टाकू. एप्रिल-मेमध्ये वाळू तापते, तेव्हा खेळ सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळीच.

मराठवाड्याला समुद्र कुठे आहे, असं कोणी विचारेल. स्वित्झर्लंडलाही नाही. तरी २००९ मध्ये दुबईला याच खेळाच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो ब्राझीलसमोर उभा होता. हरला १०-५ असा, पण पोहोचला. चारी बाजूंनी जमीन असलेल्या पॅराग्वेने तर २०१९ चा विश्वचषक भरवला. आपल्या देशात या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा २०२३ मध्ये सुरतला झाली, ती केरळने जिंकली. म्हणजे आपल्याकडे खेळ अजून नवा आहे, आत्ता सुरुवात केली तर आमची पोरं फार मागे राहणार नाहीत.

मा. जिल्हाधिकारी आणि जिल्हा क्रीडा अधिकारी यांना विनंती आहे की, जप्त वाळूचा पुढचा लिलाव काढण्यापूर्वी नदीकाठच्या निदान एका शाळेसाठी ४० ब्रास बाजूला ठेवावी. वाहतुकीचा पास रीतसर मिळावा. विनापास एक ट्रॉलीही आम्ही शाळेत घेणार नाही. शाळेमागची जागा मोकळी आहे. गावातल्या एका जेसीबीवाल्यांनी फक्त डिझेलच्या खर्चात खड्डा काढून द्यायचं कबूल केलं आहे, आणि शाळा व्यवस्थापनाचा ठराव अर्जासोबत जोडायला तयार आहे. आपल्या वार्ताहरांनी हा विषय तहसीलमध्ये विचारून पुढे काय होतं ते छापावं, ही विनंती.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका,
ता. गंगाखेड, जि. परभणी